कोचरेकरांची मेथी

कोचरेकरांसमोर ‘गेलं’ म्हणायची सोय नव्हती. नळाचं पाणी गेलं, दूध उतू गेलं, छत्री गेली, काहीही म्हणा, शेवटच्या खोलीतून ते चष्मा कपाळावर सरकवून बाहेर येत आणि विचारत, “गेलं म्हणजे कुठे गेलं?” हे चेष्टेनं नव्हे हं. त्यांना खरोखरच पत्ता हवा असे. एकदा समोरच्या खोलीतल्या बाई भेटायला आलेल्यांना डोळे पुसत सांगत होत्या, “आमचे मामंजी गेले हो,” आणि कोचरेकरांचा ओठ हलला. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी प्रश्न गिळला. पण तो घशाशी अडकलेला आम्हा सगळ्यांना दिसत होता.

मी लग्न होऊन गिरगावातल्या त्या चाळीत आले तेव्हा कोचरेकर चाळिशीला टेकलेले असावेत. नाव अनंत, गाव वेंगुर्ल्याकडचं, माणूस एकटा. एका विज्ञानसंस्थेत वनस्पतिशास्त्राचं संशोधन करत. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. मालवणी येत असूनही तोंडून एक अक्षर निघायचं नाही. माझ्या सासूबाई त्यांच्याच मुलखातल्या, कुडाळच्या, आणि त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. त्यामुळे या दोघांचं संभाषण म्हणजे एकीकडून लाटा आणि दुसरीकडून व्याकरण.

त्यांचा स्वभाव नीट कळायचा तर उंदरांची गोष्ट सांगायला हवी. चाळीत उंदीर फार. सापळ्यात सापडलेला उंदीर मारायला कुणाचा हात धजत नसे, म्हणून पुरुषमाणसं सकाळी सापळा घेऊन समोरच्या चाळीमागच्या गटारापाशी जात आणि दार उघडून परत येत. सगळे खूश. पण उंदीर काही कमी होत नव्हते. कोचरेकरांनी आठवडाभर ते सगळे सापळे मागून घेतले आणि सोडण्याआधी प्रत्येक उंदराच्या शेपटीला घशाला लावायचं जांभळं औषध फासलं. दोन दिवसांत आमच्या सापळ्यात जांभळ्या शेपटीचा उंदीर! तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या चाळीत चौकशी केली, तर ते लोक त्यांचे उंदीर आमच्या मागच्या गटारात आणून सोडत होते. “आपण दोन्ही चाळी मिळून उंदरांना फक्त फिरवून आणतोय,” कोचरेकरांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. निवडून आलेल्या उमेदवाराच्या चेहऱ्यावर नसेल एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. उंदरांचं पुढे काय करायचं, यात मात्र त्यांना काडीचा रस नव्हता. कुठे जातात ते कळलं, काम झालं.

आणि हेच ते संस्थेत करत, फक्त उंदरांऐवजी नत्राचं. मी एकदा विचारलंच, “तुम्ही करता काय नक्की?” नव्या सुनेनं विचारलं म्हणून ते खूश झाले. म्हणाले, “झाड वाढायला नत्र लागतं, एवढं ऐकलंय? आता मेथी घ्या. मेथीच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतून ती हवेतलं नत्र घेते. वर आपण खत घालतो, त्यातही नत्र. मग पानात आलेलं नत्र हवेतलं की खतातलं? झाडाला विचारून ते सांगत नाही, आणि नत्र नत्रासारखंच दिसतं.”

“मग?”

“मग शेपटीला जांभळं औषध लावायचं!”

निसर्गातच म्हणे थोडं नत्र जरा वजनदार असतं. बाकी सगळं तेच, फक्त अंगानं जड. परदेशातले लोक ते वेगळं काढून त्याचं खत बनवतात. ते खत झाडाला घालायचं आणि पुढे पानात जड नत्र किती सापडतं ते बघायचं. सापडलं तेवढं खताचं, उरलेलं हवेचं. ते मोजणारं यंत्र कोचरेकरांच्या आवाक्यात नव्हतं. पण एका परदेशी प्रोफेसरांनी त्यांना त्या जड खताची एक बारीकशी काचेची कुपी भेट दिली होती आणि वाळवलेली पानं पाठवलीत तर मोजून देतो, असं कबूल केलं होतं. कुपी एकच. दुसरी मिळायची नव्हती. कोचरेकरांना संस्थेत एवढी वर्षं काढून स्वतःचं असं पहिलं काम हाती लागलं होतं, आणि ते सगळं चिमटीभर पांढऱ्या मिठात होतं.

आता यातली खुबी बघा. त्यांनी मेथी निवडली ती आपली समुद्रमेथी, किनाऱ्यावरच्या वाळूत उगवते ती, करंगळीएवढ्या जुड्यांची. का, तर वाळूत स्वतःचं असं काही नसतं. धुऊन घेतली की जे घालाल तेवढंच. चौपाटीची वाळू पोत्यातून आणून ते ती चाळीच्या नळावर सात पाण्यांनी धूत बसत. बायका रांगेत कळशा घेऊन उभ्या, आणि हे वाळू धुतायत! सासूबाई म्हणाल्या, “कोचरेकरानु, तांदूळ धुवक बायको नाय म्हणान् वाळू धुतास?” त्यावर ते हसले, पण बादली घेऊन बाजूला झाले.

बायको नव्हती ही गोष्ट चाळीत एका बाबतीत फार नडे. आमच्याकडे कुणाच्या घरी काही गोडधोड केलं की वाटी शेजारी जायची, आणि ती वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, असा रिवाज. कोचरेकर खानावळीत जेवत. त्यांच्या खोलीत काचेच्या नळ्या होत्या, पण वाटीत परत घालायला काही नव्हतं. म्हणून त्यांच्याकडे वाटी जातच नसे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उगाच माणसाला अडचणीत कशाला टाका, एवढंच. वाट्या त्यांच्या दारावरून पुढे जात, आणि ते बघत. कुठे जातात ते त्यांना पाठच असणार.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावात रोज मोर्चा, रोज सभा. संस्था कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता आणि बंद पडली तर मेथीला पाणी कोण घालणार? म्हणून कोचरेकरांनी एके दिवशी व्हिक्टोरिया घोडागाडी करून दोन पत्र्याचे ट्रे घरी आणले. ट्रेमध्ये वाळू, वाळूत कुपीतलं सगळं खत आणि बोटभर मेथी, आणि ते स्वतः नवरीशेजारी बसावं तसे अवघडून. खोलीसमोरच्या गॅलरीत सकाळचं ऊन यायचं तिथे ट्रे ठेवले आणि चाळीला बजावलं, “याला हात लावू नका. यात अणू आहेत.” त्या दिवसांत अणू म्हणजे बॉम्ब एवढंच लोकांना ठाऊक. पोरंटोरं आठवडाभर तिकडे फिरकली नाहीत. दगडफेक करणाऱ्यांना शोधत पोलीस वर आले तेव्हासुद्धा कोचरेकर ट्रेच्या पुढ्यात हात पसरून उभे राहिले आणि “सांभाळून, अणू आहेत,” म्हणाले. हवालदारानं एकदा ट्रेकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तो जिन्यावरून मागच्या मागे उतरला.

माझं बाळंतपण याच सगळ्यात आलं. पहिलं म्हणजे माहेरी व्हायचं, पण माहेर लांब आणि प्रवास नको असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. आमचे हे सत्याग्रहात पकडले जाऊन तुरुंगात. मी मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी आले आणि संध्याकाळी संचारबंदी लागली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मध्येच कुठूनतरी गोळीबाराचा आवाज यायचा आणि मुलगी दचकून रडायची. ती रडायची भुकेनं. मला दूध नव्हतं.

दोन दिवस ती छातीशी धडपडत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. दुकानं बंद, डॉक्टरीणबाई येऊ शकत नव्हत्या. साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापूस चोखून ती तेवढ्यापुरती गप्प व्हायची. खसखस झाली, खीर झाली, सासूबाईंनी डब्यातली असतील नसतील ती अळिवं संपवली. त्यांचं एकच पालुपद: “मेथयेचो पालो व्हयो. पालो खाल्ल्याशिवाय दूध उतरूचा नाय.” तिसऱ्या दिवशी तासाभराची मोकळीक मिळाली तशा त्या पिशवी घेऊन बाजारात धावल्या. कोचरेकरही संस्थेत काय चाललंय ते बघायला गेले. बाजारात पाल्याचं देठसुद्धा नव्हतं. सासूबाई घामाघूम होऊन परत आल्या, जिना चढल्या, गॅलरीत वळल्या, आणि त्यांना समोर दोन ट्रे भरून मेथी दिसली.

पुढचं मी आतून ऐकलं, ते फक्त विळीचा आवाज. मग फोडणीचा. मग सासूबाई ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “खा.” मी खाल्ली. वाळू कचकचत होती थोडी. कुठून आणली हे विचारायचं त्राण नव्हतं.

कोचरेकर परत आले तेव्हा ट्रेमध्ये मुळं होती आणि मधोमध एक नारळ ठेवलेला होता. सोललेला, शेंडी ठेवलेला, व्यवस्थित वाळूत बसवलेला. कारण सासूबाईंच्या हिशेबी कुणाच्या घरचं घेतलं की भांडं रिकामं ठेवायचं नाही.

मी अंथरुणात उठून बसले. खिडकीच्या फटीतून मला ते दिसत होते. ते त्या नारळाकडे पाहत राहिले. नारळ उचलला, खाली काही राहिलंय का पाहिलं, परत ठेवला. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, “गेलं...” आणि पुढचा प्रश्न आला नाही. या माणसाला मी पहिल्यांदाच आपणहून अर्ध्यावर थांबलेलं ऐकलं.

सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. “चोरी नाय केलंय हां. नारळ ठेवलंय.”

“कुणी खाल्ली?”

“बाळंतिणीन्. पोर उपाशी आसा तीन दिस. तुमचे ते अणू बिणू मगे बघा.”

ते आमच्या दाराशी आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं डोकवायचं नाही म्हणून पाठ करून उभे राहिले आणि भिंतीला विचारावं तसं विचारलं, “सगळी खाल्ली? शिजवताना पाणी ओतून टाकलं नाही ना?”

सासूबाई भडकल्याच. “पाल्याचा पाणी कोण ओतता? माका खुळी समाजलास काय?”

“नाही, नाही. चांगलं केलंत,” ते म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले. नारळ बरोबर नेला. मला त्या क्षणी कळलं की मी या माणसाचं काय खाल्लंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला दूध आलं. मेथीमुळे आलं की यायचंच होतं म्हणून आलं, कोण जाणे, त्यावर नंतर कोचरेकर स्वतःच म्हणत, “पुरावा नाही.” आमची मुलगी मात्र पुराव्याची वाट न बघता तासभर पीत होती.

दुपारी पाठमोरा आवाज आला, “वहिनींना दूध आलं का?” कान लालभडक झालेले.

“इला,” सासूबाई म्हणाल्या.

“मग गेलं नाही,” कोचरेकर म्हणाले. “पोचलं.”

संस्थेत त्यांनी सांगितलं, चिमण्यांनी खाल्ली. मेलेल्या माणसाचासुद्धा पत्ता विचारायला निघालेला हा माणूस साहेबांसमोर चक्क खोटं बोलला. साहेब म्हणाले म्हणे, की चिमण्या राखता येत नसतील तर संशोधन कशाला करता? हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं. हसले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला आणि त्यांनी तो पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे पहिली वाटी पाठवली, तांदळाच्या खिरीची. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. आत चौपाटीवरच्या मेथीची एक जुडी होती, मुळांना वाळू लागलेली. मग ते चालूच राहिलं. खीर गेली की मेथी आली, सोलकढी गेली की मेथी आली. आम्ही त्या वर्षी मेथी इतकी खाल्ली की मुलीचं नाव सुमन ठेवलं तरी चाळीनं तिला मेथीच म्हटलं.

मेथी पाच महिन्यांची झाली तेव्हा कोचरेकरांच्या डोक्यात ती कल्पना आली. नत्र वाळूतून पानात आलं, पानातून माझ्यात, माझ्यातून दुधात, दुधातून मुलीत. “आणि केसांत नत्र भरपूर असतं, वहिनी! नखांत, केसांत. हिच्या जावळातले चिमूटभर केस मला द्या. प्रोफेसर मोजतील. फरक बारीक असेल, पण असेल. वाळूपासून बाळापर्यंत! असं मोजल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही!” त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. गेलेलं काम परत येत होतं, आणि आधीपेक्षा मोठं होऊन. मला त्यांना ते सगळंच्या सगळं द्यावंसं वाटलं.

पण सासूबाई! “केस? पोरीचे केस साता समुद्रापलीकडे धाडूचे? आणि थय कोणी कायबाय केल्यानी तर? व्हये तर म्हशीचे घेवा.” कोचरेकरांनी समजावलं की प्रोफेसर करणी करत नाहीत. “तुमका काय ठावक?” सासूबाई म्हणाल्या. कोचरेकरांकडे त्याचाही पुरावा नव्हता. दोन महिने ही बोलणी चालली, वाट्या जात-येत राहिल्या, पण केसांचं नाव काढलं की सासूबाई मुलीच्या डोक्यावर पदर घालत.

जावळाचा दिवस ठरला. आमचे हे तोवर सुटून आले होते. न्हावी आला, पाट मांडला, आणि पंचाईत झाली: जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, आणि मला भाऊ नाही. आम्ही तिघी बहिणीच. कुणी म्हणालं शेजारच्या गल्लीतला अमुक बसवू, कुणी तमुक. कोचरेकर गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते, खिशात काचेची नळी. तिचं बूच मला बाहेरून दिसत होतं. सासूबाईंनाही दिसलं असणार. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि हाक मारली.

“ये रे अनंता. बस. आज तू मामा.”

‘कोचरेकरानु’चा एका दमात ‘अनंता’ झाला. ते येऊन पाटावर बसले. मुलीला मी त्यांच्या मांडीवर दिलं, तर त्यांना हात कुठे ठेवायचे कळेना. ट्रे धरतात तसे दोन्ही बाजूंनी धरून बसले. वस्तरा फिरला तशी मेथीनं भोकाड पसरलं आणि त्यांच्या सदऱ्याची कड मुठीत घट्ट पकडली. केस त्यांच्या ओटीत पडत होते, मऊ, तांबूस. ते केसांकडे बघतच नव्हते. तिच्या मुठीकडे बघत होते.

सगळं झाल्यावर सासूबाईच म्हणाल्या, “घे रे चिमटीभर. भाचीचे केस मामान् घेतल्यार कोण काय म्हणतलो?” त्यांनी घेतले, नळीत घातले, बूच लावलं. उरलेले फडक्यात बांधून चौपाटीवर समुद्रात सोडायला तेच गेले. मामाचंच काम ते. मी मनात म्हटलं, चला, फिटलं. त्या मेथीचं ऋण माझ्या मनातून एवढे महिने हलत नव्हतं. आता प्रोफेसर मोजतील, साहेब गप्प बसतील, या माणसाचं नाव होईल.

दिवेलागणीला ते परत आले. पायाला वाळू. मी मुलीला घेऊन गॅलरीतच उभी होते. त्यांनी खिशातून नळी काढून माझ्यासमोर धरली. रिकामी होती.

“हे काय?” मी म्हटलं. “तेसुद्धा सोडलेत?”

“सगळे सोडले.”

“अहो, पण का? दोन महिने त्यासाठी...”

“मोजायच्या आधी ते आम्लात उकळायला लागतात, वहिनी. धूर येईपर्यंत.” त्यांनी नळी परत खिशात टाकली. “पानं असती तर उकळली असती. हिचे केस मी उकळू?”

मला एकदम इतकं भरून आलं, आणि रागही आला. मी रागानंच बोलले, “मग आता तुम्हाला कसं कळणार, कुठे गेलं ते?”

मेथी माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावत होती, तिचं गुळगुळीत गोल डोकं दिव्याखाली चमकत होतं. त्यांनी तिला घेतलं. आता हात कुठे ठेवायचे ते त्यांना बरोबर कळत होतं. तिच्या डोक्यावरून तळवा फिरवत ते, एवढ्या वर्षांत आम्ही कधी न ऐकलेल्या त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले,

“खय जातला? हय आसा मां.”